पतीप्रमाणे

मी चौतीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले. परभणीतल्या कुठल्या घराचं मीटर कुठल्या भिंतीवर आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आकडा टाकून वीज घेणारा माणूस तर मी खांबाकडे न बघता ओळखायचो. वापराचा कागद समोर धरायचा. रोज अमुक वेळी वापर एकदम शून्यावर आला, आणि घरातला पंखा मात्र फिरतोय, म्हणजे समजायचं. पुढे मीटर स्वतःच बोलायला लागले, तरी आलेखातली लबाडी हुडकायला साहेब लोक मलाच बोलवायचे. माझी बायको कुशावर्ता म्हणायची, "गावातली चोरी यांना बरोबर सापडते. घरातला मिठाचा डबा तेवढा सापडत नाही."

तिचं म्हणणं खरं होतं, पण ते किती खरं होतं हे कळायला मला २०४३ सालचा जून उजाडावा लागला.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्ही पूर्वी उगाच छाती फुगवून म्हणायचो. आता जगाला परभणी खरोखरच ठाऊक झाली, ती दमट लाटांमुळे. पाऊस लांबायला लागला, पण त्याची वाफ मात्र वेळेवर यायची. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की जे तापमान दिसतं, ते पस्तिसाच्या जवळ गेलं की अंगावरचा घाम वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीराची उष्णता बाहेर पडत नाही, आणि मग धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्या बसल्या काही तासांत जातो. म्हणून लाट आली की घरबंदी. प्रत्येक घरात एक खोली थंड ठेवलेली, दार बंद, आणि दिवसातून एकदाच, पहाटे साडेचार ते साडेपाच, घरातल्या एकाच माणसानं खाली अंगणात यायचं. पाणी न्यायचं, औषधं घ्यायची, कचरा टाकायचा. आमच्याकडून मीच जायचो. कुशावर्तेला ब्लडप्रेशर होतं.

घरबंदीसाठी प्रत्येक घरात शिधापेटी असायची. पहिल्या दोन वर्षांत तिच्यात फक्त पूर्णवड्या होत्या. साबणाच्या वडीएवढी एक वडी. चार वड्यांत दिवसभराचं सगळं पोषण. हिशेबात कुठेही खोट नव्हती, तरी लाट ओसरल्यावर भरलेल्या पेट्यांशेजारी उपाशी माणसं सापडली, बहुतेक म्हातारी. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे उकाड्यानं भूक जागवणारी द्रव्यं शरीरात कमी होतात. दुसरी म्हणजे तीच ती चव आठ-दहा दिवस मिळाली की मेंदू तिची दखल घेणंच सोडून देतो. घास तोंडात फिरत राहतो, गिळवत नाही. लहान पोर रडून आकांत तरी करतं. म्हातारं माणूस "नको" म्हणतं आणि भिंतीकडे तोंड करून पडतं.

उपायही त्यांनीच शोधला. ज्या पदार्थाशी माणसाच्या सुखाच्या, निर्धास्तपणाच्या आठवणी बांधलेल्या असतात, त्याचा वास आला की नाडी सैलावते, तोंडाला पाणी सुटतं, पोट हलायला लागतं. असा पदार्थ थोडासा जरी बरोबर असला, तरी त्याच्या नादानं पूर्णवडी पोटात जाते. आपल्या आयांना हे कधीचंच ठाऊक होतं, त्या त्याला तोंडी लावणं म्हणायच्या. सरकारनं त्याला "मनाचा शिधा" असं नाव दिलं. माणशी तीन किलो. कुणाला काय द्यायचं हे ठरवायला आधी घरी येऊन माहिती घ्यायची, मग मनगटावर तीन आठवडे एक पट्टी बांधायची. जेवताना नाडी कशी चालते, कातडीला घाम किती येतो, हे सगळं ती टिपून ठेवायची.

आमच्याकडे माहिती घ्यायला आलेली मुलगी चांगली होती. सावकाश विचारायची.

"आजी, तुम्हाला आजारपणात, जीव उदास असताना काय खावंसं वाटतं?"

"मला काय, काहीही चालतं," कुशावर्ता म्हणाली.

"असं नाही आजी, एखादा पदार्थ सांगा की."

"बासुंदी लिही," मी म्हणालो. "आणि मऊ भात, साजूक तूप. आमच्या घरात सगळ्यांना तेच आवडतं."

मुलीनं कुशावर्तेकडे पाहिलं. कुशावर्ता पदरानं चहाचा कप पुसत म्हणाली, "हे म्हणतात ते बरोबर आहे."

तीन आठवड्यांनी पेटी भरून आली. माझ्या कप्प्यात बासुंदीची पूड, तांदूळ, तूप, आणि कुशावर्तेच्या कप्प्यातही तेच. मला मोठा आनंद झाला. एवढ्या वर्षांच्या संसारात दोन जिवांच्या आवडी अशा एक झाल्या, असं मी पुण्याला मुलालासुद्धा फोनवर ऐकवलं.

लाट एकोणीस मेला लागली आणि जून उजाडला तरी हटेना. बाराव्या दिवशी कुशावर्तेनं दुपारचं जेवण परत केलं. तेराव्या दिवशी सकाळचंही.

"जात नाही हो," ती म्हणाली. "घास नुसता फिरतो."

"बासुंदी करून देऊ?"

"नको. तिचा वासच नको."

लाटेच्या दिवसांत पट्टी पुन्हा मनगटावर चढायची, आणि पेटीच्या पायरीवर रोज उभं राहून वजन द्यायचं असायचं. एकावन्न किलोवरून ती साडेसेहेचाळीसवर आली होती. पंचेचाळीसच्या खाली आकडा गेला की दक्षता केंद्राची थंड गाडी यायची आणि माणसाला उचलून केंद्रात न्यायची. बरोबर कुणाला नेत नसत. तिथली माणसं वाईट नव्हती, पण नळीतून पोटात जाणाऱ्या अन्नावर आणि अनोळखी भिंतींवर सगळे जगतातच असं नाही. मागच्या लाटेत आमच्या वसाहतीतून चौघं गेली होती, दोघं परत आली. कुशावर्तेनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मला तिकडं पाठवू नका. जे व्हायचं ते इथं होऊ द्या." आणि मी तिला शब्द दिला होता. पण शब्द देऊन काय होतं? गाडी पेटीच्या आकड्यावर यायची, माझ्या शब्दावर नाही.

पंधराव्या दिवशी वजन पंचेचाळीस किलो चारशे ग्रॅम भरलं. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मला काही सुचेना. माणसाला काही सुचलं नाही की तो आपलं जुनं काम करायला लागतो. मी पेटीच्या झाकणावरचा पडदा चालू केला आणि कुशावर्तेच्या त्या तीन आठवड्यांच्या नोंदी काढून वाचत बसलो. आजवर त्या पाहायची मला गरजच वाटली नव्हती.

सर्वांत वर लिहिलं होतं: "नोंद अपुरी. स्पष्ट आवड आढळली नाही. वाटप: पतीप्रमाणे."

तो शेवटचा शब्द मी दोनदा वाचला. मग आलेखाकडे वळलो. सकाळचा चहा, रेघ सपाट. दुपारचं जेवण, सपाट. माझ्या वाढदिवसाची बासुंदी, अगदीच सपाट. बाई जेवतेय की रेशनच्या रांगेत उभी आहे, काही कळू नये. आणि रोज दुपारी तीन ते चार रेघच नाही. तिथं नुसती मोकळी जागा. एकवीस दिवस, एकही दिवस न चुकता, तासाभराची खाच.

पट्टी काढून ठेवली होती. मीटरला वळसा घालून कुठूनतरी आकडा टाकला होता.

रोज तीन वाजता मी झोपायचो आणि कुशावर्ता समोरच्या इमारतीत मथुराबाईंकडे पोथी ऐकायला जायची. मथुराबाई गायकवाड म्हणजे अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. पोथीला बसताना हातात यंत्र नको, म्हणून पट्टी काढली असेल, असं मी मनाची समजूत घालत होतो. पण मी त्या खाचेच्या पुढची रेघ पाहिली. चार वाजता पट्टी परत हातावर चढायची तेव्हा कातडी घामानं ओली असायची. नाडी आधी जोरात, मग हळूहळू अशी निवांत होत जायची, की दिवसभरात तशी पुन्हा कधी दिसायची नाही. पोथी ऐकून माणसाला घाम येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी अंगणात मथुराबाईंना गाठलं. त्या पाण्याची कॅन भरत होत्या.

"मथुराबाई, कुशावर्ता तुमच्याकडं रोज दुपारी काय करायची?"

त्यांनी नळ बंद केला. "कामून विचारायलात?"

"ती चार दिवस जेवली नाही. उद्या-परवा गाडी येईल."

मथुराबाईंचा चेहरा पडला. "भाऊ, ती माझ्याकडं जेवायची," त्या म्हणाल्या. "येसराची आमटी, त्यात भाकरी चुरून, वर ठेचा. नाक पुसत पुसत खायची. लई वर्षं झाली."

"पण तिला तर तिखट..."

"ती परांड्याची हाय भाऊ. परांड्याच्या माणसाला तिखट आवडतं का, हे विचारायला लागतंय होय?"

२०१४ साली माझ्या पोटातला अल्सर फुटला होता. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले सहा महिने मिरची बंद. त्या दिवसापासून आमच्या घरात मिरची आली नाही. सहा महिने कधी संपले मला आठवत नाही. पुढे शेजारी कुणी फोडणी दिली तरी मी खोकून दाखवायचो, खिडक्या लावायला सांगायचो. एकोणतीस वर्षं. लोकांच्या घरातला एक बल्ब जास्त लागला तर मला कळायचं, आणि माझ्या ताटाशेजारचं ताट मी एकदाही वाचलं नव्हतं. मला त्या अंगणात मनापासून लाज वाटली.

"तुमच्या शिध्यात येसर आहे?" मी विचारलं.

"हाय की. माझ्या पट्टीनं बरोब्बर सांगितलं, म्हातारीला येसर द्या म्हणून." त्या लगबगीनं वर गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत येसर आणि एका पुडीत लाल तिखट. दुसऱ्याच्या पेटीतलं घेऊ नये असा नियम होता, कारण प्रत्येकाच्या घासांचा हिशेब ठरलेला. मी त्यांना तशी आठवण करून दिली.

"शेजारणीला वाटीभर कालवण द्यायला परवानगी काढायची व्हय आता?" त्या म्हणाल्या. "येसर आधी गार पाण्यात कालवा बरं का. उकळत्यात टाकाल तर गुठळ्या होतील."

येसर म्हणजे धान्यं आणि मसाले खमंग भाजून केलेलं पीठ. आमच्या भागात लग्नाआधी दळून ठेवतात. अवचित चार माणसं वाढली की पाण्यात कालवून उकळलं, आमटी तयार. कुठल्याही शिधापेटीच्या शंभर वर्षं आधी बायकांनी काढलेली ही सोय. आणि मिरचीचं म्हणाल तर त्याचंही शास्त्र आहे, ते मी त्या दिवशी पेटीच्या पडद्यावरच वाचलं. जिभेवरच्या ज्या मज्जातंतूंना चटका कळतो, त्यांनाच मिरची जाऊन भिडते. शरीराला वाटतं, आपण तापलो. ते घाम सोडतं, लाळ सोडतं, आणि मेंदू वेदना शमवणारी आपली ठेवणीतली द्रव्यं बाहेर काढतो. दमट उन्हात हा घाम काही कामाचा नाही, पण थंड खोलीत तो अंगावर वाळतो आणि माणूस निवतो. तापलेल्या मुलखातली माणसं तिखट खातात ती काही हट्टानं नाही.

मी गॅसपाशी उभा राहिलो. मिठाचा डबा शोधण्यात दहा मिनिटं गेली. तेल तापवून तिखट टाकलं आणि खोलीभर असा ठसका उठला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी खोकलो नाही. म्हणजे खोकलो, पण तोंडावर टॉवेल धरून. एवढं करून मथुराबाईंनी सांगितलं होतं तेच विसरलो आणि येसर थेट उकळत्या पाण्यात टाकलं.

पलंगावरून आवाज आला, "काय करायलात?"

मी वाडग्यात आमटी ओतली, त्यात एक पूर्णवडी कुस्करली आणि तिच्यासमोर धरली. ती कोपरावर टेकून उठली. वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मथुरानं सांगितलं?"

"आधी मीटरनं सांगितलं."

ती हसली नाही. "तुमचं पोट..."

"डॉक्टरनं सहाच महिने सांगितले होते, कुशा."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण ऑपरेशनच्या आधी तुम्ही रात्र रात्र विव्हळायचात. ते एकदा ऐकलं तेवढं बास झालं मला. घरात पुन्हा मिरची आणायचं धाडसच झालं नाही."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही कधी विचारलं का?" हे ती रागानं बोलली नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. मग वाडगा हातात घेत म्हणाली, "अन् खरं सांगू का, मला तिथं खायला आवडायचं. घरी केलं असतं तर तुम्हाला वाढत बसावं लागलं असतं. तिथं आपली मांडी घालून बसायची. मथुरा वाढायची."

"मग पोथी कधी वाचायचात?"

"चातुर्मासात," ती म्हणाली.

तिनं पहिला घास घेतला. थांबली. मी श्वास रोखून पाहत होतो. दुसरा घास. तिसरा. कपाळावर घामाचे थेंब आले, नाक लाल झालं, डोळे भरून वाहायला लागले. तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा वाडग्यात बोटं घातली. चेहरा असा झाला होता की कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या बाईवर मोठा प्रसंग ओढवला आहे. पट्टीलाही तसंच वाटलं. तिच्या मनगटावर लाल दिवा लागला, भिंतीवरचा पडदा उजळला आणि दक्षता केंद्रातली मुलगी समोर आली.

"आजोबा, आजींची नाडी एकशे अठरावर गेली आहे. खूप घाम येतोय. वजन आधीच कमी आहे त्यांचं. मी गाडी काढायला सांगते, त्यांना आडवं झोपवा."

"गाडी पाठवू नका."

"आजोबा, हा त्रास गंभीर असू शकतो. यंत्र चुकीचं दाखवत नाही."

"यंत्र बरोबर दाखवतंय," मी म्हणालो. "पण ती जेवायली."

"काय?"

"जेवायली. तिखट लागलंय. अर्धा तास थांबा, नाडी खाली येईल. नाही आली तर मी स्वतः तिला उचलून गाडीत बसवीन."

मुलगी गोंधळली. तिच्यासमोरच्या तक्त्यात असा रोग नसावा. "मला आजींशी बोलू द्या," ती म्हणाली.

मी बाजूला झालो. पडद्यावर आता कुशावर्ता दिसत असणार, डोळ्यांतून पाणी, गालावर घाम, हनुवटीला आमटी. मुलीनं अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, काय होतंय तुम्हाला? काही हवंय का?"

मला वाटलं, आता ही म्हणणार, मला काय, काहीही चालतं. एवढी वर्षं तेच ऐकत आलो होतो.

कुशावर्तेनं वाडगा खाली ठेवला, खरकटा हात लांब धरला, आणि पडद्याकडे नव्हे तर माझ्याकडे पाहून म्हणाली, "अजून एक वडी कुस्करा. तिखट जरा कमीच पडलंय. आणि या वेळी गुठळ्या होऊ देऊ नका."

मी उठलो आणि येसर कालवायला गार पाणी घेतलं.